बाबांच्या सायकलला शॉकअप

११ फेब्रुवारी

छऱ्या,

पार्सल मिळालं. पोस्टमनने सही घेतली म्हणून कळवते आहे, एरवी कळवलं नसतं.

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं यावर दोन कागद फाडले. चिरंजीव लिहावं तर तू आता बेचाळीस वर्षांचा घोडा झालास. आशीर्वाद द्यावेत तर नऊ वर्षांत मी तुला साधं 'बरा आहेस का' म्हणूनही विचारलेलं नाही. शेवटी बाबांनी ठेवलेलं नावच लिहिलं. चार वर्षांचा असताना तू सायकलचा छर्रा गिळलास, आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी तो शोधून, धुऊन, पुसून परत त्याच चाकात बसवला. तुझं ते नाव मलाही बदलता येणार नाही.

खोक्यात पत्र नव्हतं. नुसता पुढचं चाक धरणारा शॉकअपचा चिमटा आणि तुझ्या अक्षरात मापांचा एक कागद. माझ्या हाताबद्दल तुला कुणी कळवलं ते लगेच समजलं. या घरात गुपचूप पत्र लिहिणारा माणूस एकच आहे. तुझे भावजी भूगोल शिकवतात, त्यामुळे त्यांना जगातला कुठलाही पत्ता सापडतो, फक्त स्वतःचा चष्मा सापडत नाही. विचारलं तर म्हणाले, "मी फक्त इकडचं हवामान कळवलं."

तर हाताचं असं आहे. उजव्या मनगटातली नस दाबली गेली आहे. सकाळी उठल्यावर अंगठा आणि शेजारची दोन बोटं दुसऱ्या कुणाची तरी असतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज त्या दगडी रस्त्यावरून हादरे खात दुकानात जाता आणि वर मलाच विचारता हात का दुखतो? असंच चाललं तर वर्षभरात पाना धरता येणार नाही. सायकल बंद करा, नाहीतर पुढे शॉकअप असलेली नवी घ्या." घरी आल्यावर हेच वाक्य भावजींनी माझ्याकडे न बघता, वर्तमानपत्राला सांगितलं.

मी नवी घेणार नाही. मी कुठली चालवते ते तुला माहीत आहे. बाबांनी स्वतः नळ्या कापून, स्वतः जोडून बांधलेली पहिली सायकल. शेवटच्या दिवसांत त्यांनी मला सांगितलं, "ही तू चालव. टांगून ठेवू नकोस." मी सात वर्षं चालवते आहे.

आणि याच सायकलचा तुझ्या हातचा जोड पाण्याच्या टाकीच्या उतारावर सुटला होता आणि बाबा पडले होते, हे मी विसरलेले नाही. त्यानंतर ते काठीवरच चालले, तेही दोनच वर्षं. तेव्हा तू मला चिमटा पाठवावास आणि मी तो लावावा, हे जरा अतिच होतं.

शिवाय तो बसणारही नाही. आपली पुढची नळी जुन्या मापाची, एक इंची. तुझ्या चिमट्याची जी दांडी तिच्यात बसवायची ती त्याहून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाड. आणि तो जुन्या चिमट्यापेक्षा चांगला अडीच इंच लांब आहे. लावलाच तर सायकल नाक वर करून उभी राहील आणि हँडल हाताचं ऐकणार नाही. एवढं तुला कळत असेलच, कारखान्यात दिवसभर हेच तपासतोस म्हणे. परत पाठवते. खोकं जपून ठेवलं आहे.

दुकानातून

२० फेब्रुवारी

छऱ्या,

खोकं अजून इथेच आहे.

झालं असं की परत बांधण्याआधी म्हटलं, एकदा बघावं तरी. बाबांच्या टेबलावर टेकवून दाबला. खाली गेला, वर आला, कुठे आवाज नाही, कुठे अडकणं नाही. पुन्हा दाबला. मग शिंपीकाका समोरून ओरडले, "अगं, किती वेळा दाबशील, रस काढतेस का?" तेव्हा थांबले.

तुझा मापांचा कागदही नीट वाचला. पहिल्यांदा रागाच्या भरात शेवटची ओळ वाचलीच नव्हती. 'हवा ताईच्या वजनाप्रमाणे.' आणि पुढे आकडा. माझं वजन तू अठ्ठावन्न धरलं आहेस. मनापासून आभारी आहे. ते नऊ वर्षांपूर्वी होतं. पण कुणाला तरी माझं वजन आठवतं आणि तेही कमीच आठवतं, हे वाचून मी एकटीच हसत बसले, आणि नंतर जरा रडलेसुद्धा. भावजींना सांगू नकोस, हवामान कळवतील.

मग बाबा करायचे तसं केलं. दुकानाची फरशी पुसली, आणि खडू-दोरी घेऊन सायकल खऱ्या मापाची जमिनीवर काढली. जुना चिमटा पांढऱ्या खडूने, तुझा निळ्या खडूने. रेघ डाव्या हाताने मारावी लागली. शिंपीकाका येऊन कडेला उभे राहिले. डोळ्याला मोतीबिंदू, पण नजर अजून मापाची. म्हणाले, "अडचण काय आहे?" मी सांगितलं, नळी एका सुताने अरुंद. ते म्हणाले, "बाही घट्ट होत असेल तर आम्ही दंड तासत नाही. बाही बदलतो."

मी आठ दिवस चिमट्याची दांडी कशी बारीक करता येईल याच विचारात होते. नळीच कापून काढायची आणि जाड नळी घालायची, हे डोक्यातच आलं नाही. आलं असेल, पण मी येऊ दिलं नसेल. बाबांच्या सायकलला करवत लावायची म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

ती नळी काढायची म्हणजे आतली टिंबंही जाणार. बाबांचा नियम तू विसरला असशील असं नाही, पण लिहायला बरं वाटतं म्हणून लिहिते. सायकलवर दुकानाचं नाव टाकायचं नाही. ज्याने जोड केला त्याने पुढच्या नळीच्या आत, गिऱ्हाइकाला दिसणार नाहीत अशी, पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, ठोकून टिंबं मारायची. बाबांचं एक, तुझी दोन, माझी तीन. नंतर कुणी दुरुस्ती केली तर आधीच्या टिंबांच्या पुढे, ओळीने. मी थोरली असून माझी तीन, कारण तू शाळेत दांडी उडवून माझ्या आधी कामाला लागलास. "नाव बाहेर लिहिलं की माणूस बाहेरचंच नीट करतो," बाबा म्हणायचे.

लांबीचं मात्र जमत नाही. नवी नळी आखूड घेतली तर एक इंच मिळेल. दीड इंच उरतोच. तुला विचारत नाहीये, सांगते आहे फक्त.

ताई

९ मार्च

छऱ्या,

तुझी पुडी मिळाली. आत चिमट्याच्या पोटात घालायची दोन कडी आणि एवढीशी चिठ्ठी: 'नळकांड्यात घाल. दीड इंच कमी होईल. एक इंच नळीत काढ.' दहा शब्दांचं पत्र लिहिणारा भाऊ आणि चार पानं हवामान लिहिणारा नवरा, माझ्या नशिबी मधलं काही नाहीच.

पण खरं सांगते, पुडी उघडून मी खुर्चीत बसले. त्या कड्यांच्या कडा तू घासलेल्या होत्यास. बाहेरून कुणाला दिसणार नाहीत अशा. बोट फिरवलं आणि कळलं. कारखान्यातून काढलेला माल असा गुळगुळीत नसतो. तू घरी बसून कानस मारली असशील. त्याबद्दल आभार. असे सुटे सुटे आभार मानायला मला जमत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून पटकन लिहून टाकलं.

मग काम सुरू केलं. पुढचं चाक काढलं, सळईचा ब्रेक सोडवला, जुना चिमटा उतरवला. छर्रे मोजून वाटीत ठेवले, एकही गिळला नाही. छर्रे ज्यात फिरतात त्या नळीतल्या दोन्ही वाट्या आतून ठोकून काढल्या. खालची वाटी गंजून बसली होती, तिला रॉकेल पाजून एक दिवस वाट बघितली. नळी आतून फडक्याने पुसली. गंज होता थोडा. बाकी काही विशेष नाही.

जाड नळी लेथवाल्याकडून कापून आणली आहे. अजून काम पुढे गेलेलं नाही. हाताला आराम देते आहे असं घरी सांगितलंय.

एक विचारायचं होतं. बाबा पडल्यावर तू दोन दिवस दुकानात बसून ती सायकल दुरुस्त केलीस, आकड्याला टांगलीस आणि मग गेलास. त्या दोन दिवसांत तू जेवलास कुठे? मी दवाखान्यात होते. घरी आलास असं मला आठवत नाही. एवढं जरा कळव.

आणि बाबा गेले तेव्हा तू आलास, दाराशी उभा राहिलास, आणि मी तुझ्याकडे पाठ करून पाणी भरत राहिले. भांडं केव्हाच भरलं होतं.

तुझी ताई

३० मार्च

छऱ्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं, बाकी काही विशेष नाही. ते खोटं होतं. तीन आठवडे ते खोटं घेऊन फिरते आहे आणि आता बास झालं. हे पत्र लांबणार आहे. बसून वाच.

नळी फडक्याने पुसून मी बॅटरीचा उजेड आत धरला. बाबांची आणि तुझी टिंबं कापण्याआधी एकदा बघावं, एवढ्यासाठीच. पहिलं बाबांचं, एक, ठसठशीत. त्याच्यापुढे तुझी दोन असणार, बाबा पडण्याच्या आधी तू जोड केलास त्याची. त्यापुढे परत दोन, नंतरच्या दुरुस्तीची. मी असंच धरून चालले होते. पण ओळ तशी नव्हती. एक. मग तीन. मग दोन.

मी फडकं ओलं करून परत पुसलं. एक, तीन, दोन. बोट घालून बघितलं. माझं बोट बधिर म्हणून डाव्या हाताचं घातलं. तीनच.

बाबांच्या सायकलचा सुटलेला जोड तुझा नव्हता. माझा होता.

तरी माझं मन बघ कसं. लगेच मानलं नाही. त्या आठवड्यात दोन काळ्या सायकली एकाच दुखण्याने आल्या होत्या, खालच्या तिरक्या दांडीचा जोड सैल. एक बाबांची आणि एक बेकरीवाल्याची. रंग खरवडल्यावर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. जाळ लावायचा म्हणून नावाच्या चिठ्ठ्या सोडून ठेवल्या होत्या. तू बाबांची केलीस, मी बेकरीवाल्याची, हे मला नऊ वर्षं स्वच्छ आठवत होतं. म्हणून मी बेकरीत गेले. म्हटलं, काका, तुमची सायकल फुकट साफ करून देते. ते म्हणाले, "चांगली चाललीय की, नऊ वर्षांत एक तक्रार नाही." मी जवळजवळ हिसकावूनच आणली. उघडली. आत दोन टिंबं. जोड असा भरलेला की पितळ आतून सगळीकडे उतरलेलं.

मग मला तो दिवस आठवला, जसा होता तसा. मला घरी जायची घाई होती. बेकरीवाल्याचं काम समजून मी ते उरकलं, छऱ्या. पितळ सांध्यात ओढून घेणारा टाकणखार पुरता वितळायच्या आत पितळ लावलं. वरून छान दिसलं. आत उतरलं का ते बघितलं नाही, पंचसुद्धा अंदाजाने मारला, शेजारी बाबांचं टिंब आहे की नाही हेही पाहिलं नाही. बाबांची सायकल आहे असं कळलं असतं तर मी तीच गोष्ट जीव ओतून केली असती. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. हात चुकला असता तर एक वेळ चाललं असतं. मी माणूस बघून काम केलं. आणि लहानपणापासून जी सायकल बघितली ती रंग उतरवल्यावर मला ओळखू आली नाही.

आपल्या फ्रेमची अदलाबदल झाली हे तुला तेव्हाच कळलं असेल. तू आत बघतोस. पण तेव्हा त्यात सांगण्यासारखं काय होतं? दोघांपैकी कुणीही केला तरी जोड तो जोड. मग बाबा पडले. दुकानात सगळ्यांसमोर मी म्हणाले, "ज्याला बापाच्या सायकलचा जोड नीट करता येत नाही, त्याने पुन्हा पंचाला हात लावू नये." तू तेव्हा एक शब्दही बोलला नाहीस. पंच तुझ्या खणात ठेवलास. पुढच्या दोन दिवसांत माझा जोड साफ करून तिथे तुझा भरलास, पुढे तुझी दोन टिंबं मारलीस, आणि गेलास.

माझी तीन तू घासून टाकू शकला असतास. तशीच ठेवलीस. आणि मला सांगितलंही नाहीस.

का, ते मी तीन आठवडे शोधते आहे. मला वाटतं ते असं. बाबा माझ्या घरी येणार होते. त्यांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची, सगळं माझ्या हातांनी व्हायचं होतं. तुला भीती वाटली असेल की कळलं तर ते हात चालणार नाहीत. बरोबर होतं तुझं. चालले नसते. मी दोन वर्षं बाबांचं सगळं केलं, हसत केलं, त्यांच्याशी भांडत केलं, आणि तुझ्यावर राग होता म्हणून मला झोपही लागायची. ती दोन वर्षं मला तू दिलीस. बाबांनाही दिलीस. ते एकदा म्हणाले होते, "त्याला लिही." मी म्हटलं, लिहीन. लिहिलं नाही.

हे फेडता येणारं नाही आणि मी तसा आवही आणत नाही. मी फक्त सांगते आहे की मला कळलं. नऊ वर्षं उशिरा कळलं, पण कळलं. आणि मी तुझी इतकी ऋणी आहे की पेन थांबतं आहे.

माफी कोरडी नको म्हणून एक गोष्ट केली. त्या दिवशी दुकानात चौघे होते. शिंपीकाका, बसवाले ड्रायव्हरकाका, पेपरवाले काका आणि तुझे भावजी. जितक्यांसमोर बोलले तितक्यांसमोर परत बोलायचं ठरवलं. शनिवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. करवत लावली, नळी कापून काढली, मग तिचे उभे दोन भाग केले आणि टिंबांचा भाग हातोहात फिरवला. म्हटलं, ही तीन माझी आहेत. बाबा माझ्या जोडामुळे पडले. तो गप्प बसला आणि मी त्याला घालवून दिलं. शिंपीकाकांना दिसेना, त्यांनी बोटाने मोजली. ड्रायव्हरकाका म्हणाले, "पोरगं काही बोललं नाही गं तेव्हा. मला वाटलं, मान्य आहे म्हणूनच बोलत नाही." भावजी चष्मा पुसत बसले, आणि तो त्यांना सापडला होता याचंच मला आश्चर्य वाटलं. पेपरवाले काका दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणून त्यांच्या घरी जाऊन काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांना कधीच पटलं नव्हतं." बघ. परक्या माणसाला पटलं नव्हतं.

नळीचा तो तुकडा तुझ्याच खोक्यात घालून पाठवते आहे. खोकं जपून ठेवलं होतं म्हटलं होतं ना, ते याच्यासाठीच ठरलेलं असेल. फेक, ठेव, तुझी मर्जी.

आता कामाचं. जाड नळीला दांड्या खोचायचे जुने सॉकेट चालत नाहीत, म्हणून जोड उघडाच, पितळ भरून करायचा. फरशीवरच्या निळ्या रेघांवर फ्रेम मांडली. वरच्या आडव्या दांडीचा जोड मी केला. तीन दिवस लागले, कारण दर दहा मिनिटांनी हात झोपतो. पण या वेळी आरसा धरून आत बघितलं, सगळीकडे उतरलं आहे. माझी तीन टिंबं मारली. हात हलला, ती जरा मधेच पडली, पण पुढे भरपूर जागा आहे.

खालच्या तिरक्या दांडीला नुसता टाका मारून ठेवला आहे. तोच जोड. मी तो करणार नाही. हाताचं कारण सांगता येईल, पण ते कारण नाही. तो जोड तुझा आहे. तो होईपर्यंत तुझा चिमटा टेबलावर पडून राहील, सायकल फरशीवर आडवी राहील, आणि मी पायी जाईन. डॉक्टरीणबाई खूश आहेत.

तुझा पंच तुझ्याच खणात आहे. मी नऊ वर्षांत तो खण उघडला नव्हता. रागाने नव्हता उघडला, पण त्यामुळे गंजला नाही, तेल तसंच आहे त्यावर.

ये रे. जमत नसेल तर नुसतं नाही म्हणून लिही, दोनच अक्षरं लागतात, तुला परवडतील.

तुझीच ताई

२६ एप्रिल, सकाळी, दुकानाच्या टेबलावर

छऱ्या,

तू वरच्या माळ्यावर अजून घोरतो आहेस. बाबांसारखंच, आधी शिट्टी आणि मग करवत. उठवलं नाही. प्रवास करून आल्या आल्या चहासुद्धा न घेता जाळ पेटवलास, त्याची झोप पुरी होऊ दे.

काल तू जोड भरत होतास तेव्हा मी पितळेची सळई हातात देत उभी होते आणि तुला वाटलं मी जोड बघते आहे. मी तुझे केस बघत होते. पांढरे झालेत की रे.

संध्याकाळी वाट्या बसवायच्या आधी तू सळईच्या ब्रेकऐवजी लावायला ब्रेकची तार आणायला गेलास, तेव्हा मी बॅटरी लावून आत डोकावले. सवय लागली आहे आता. माझ्या तीनच्या पुढे तुझी दोन होती, ती असणारच होती. पण माझ्या तीनच्या आधी, मागे राहिलेल्या जागेत, तू एक टिंब मारलंस. एकच, ठसठशीत. एक, तीन, दोन. तीच ओळ. ती वाचून मला त्या दिवशी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. काल तीच वाचली आणि वाटलं, आपण तिघं परत एका ठिकाणी आहोत. तुला काही बोलले नाही. तूही बोलला नव्हतास.

चिमट्यात हवा तू अठ्ठावन्नची भरलीस. मी ती सदुसष्टची केली आहे. आता माहीत झालं ना, तोंड बंद ठेव.

दुकानाच्या गल्लीत एक चक्कर मारून बघितली. दगडांवरून गेले आणि हँडल हातात शांत राहिलं. सकाळची वेळ असून अंगठा माझाच होता. परत येऊन ही चिठ्ठी लिहिते आहे, म्हणून अक्षर बरं आहे.

किल्ली खिळ्याला आहे. साखर खालच्या डब्यात, वरच्या डब्यात टाकणखार आहे, गोंधळ करू नकोस. भावजी नऊला येतील, तुला हवामान सांगतील, ऐकून घे. तुझं पत्र आल्यापासून माणूस रोज दाढी करतो आहे.

मी पाण्याच्या टाकीकडे जाते आहे. सात वर्षं दुकानात येताना त्या उताराला वळसा घालून येत होते, आज सरळ त्यावरूनच उतरणार आहे. अर्ध्या तासात येते. काळजी करत बसू नकोस. जोड तुझ्या हातचा आहे.

ताई